ऑक्टोबरात माउई: बेट हिंडू की ऑफ-रोड ट्रायथलॉनची तयारी करू?

रानवाटसरू

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात हवाईतल्या माउई बेटावर जायचं ठरलंय. बहीण किहेईला राहते, दोन आठवडे तिच्याकडेच मुक्काम. परतल्यावर महिन्याभरात माझी पहिली ऑफ-रोड ट्रायथलॉन आहे: दीड किलोमीटर समुद्रात पोहणं, तीस किलोमीटर माउंटन बाइक आणि दहा किलोमीटर ट्रेल रन. शर्यत उष्ण-दमट हवेतच आहे. डांबरी रस्त्यावरच्या ट्रायथलॉन केल्या आहेत, मातीत पहिल्यांदाच उतरतेय.

पेच असा की प्रशिक्षकांनी त्या दोन आठवड्यांचा तक्ता आधीच पाठवलाय. रोज किती मीटर पोहायचं, नाडी किती ठेवायची, सगळं आखलेलं. त्यात चक्क घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) सायकल चालवायची आहे. ज्या बेटावर 1996 साली एक्सटेराची, म्हणजे ऑफ-रोड ट्रायथलॉनच्या नावाजलेल्या मालिकेची, पहिली शर्यत झाली, तिथे जाऊन खोलीत भिंतीकडे बघत पॅडल मारायचं हे मनाला पटत नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. ऑफ-रोडमध्ये पायात किती ताकद आहे याइतकंच समोरची जमीन, पाणी आणि वारा ओळखता येतो का, याला मोल आहे. ते शिकायचं तर हिंडायलाच हवं. म्हणजे बेट बघणं हीच तयारी. तुम्हाला काय वाटतं? माउईला गेलेल्यांनी, तिथे राहणाऱ्यांनी आणि असल्या शर्यती केलेल्यांनी जरूर लिहा.

उनाड_वारा

बहिणीकडे आणखी एक खोली रिकामी आहे का, एवढंच विचारायला आलो. बाकी वाचतोय.

डोंगरपोर

धागाकर्तीशी शंभर टक्के सहमत. तक्ता घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवा. रोज नवी वाट धरा, पाय आपोआप शिकतील. ओल्या मुळावर पाऊल कसं टाकायचं हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं.

मोजपट्टी

असहमत. सविस्तर लिहितो, कारण ही समजूत बऱ्याच जणांची असते.

हिंडणं आणि तयारी यात फरक आहे. हिंडताना आपण फोटोला थांबतो, सावली दिसली की बसतो, चढ आला की रमतगमत जातो. शर्यतीत त्याच चढावर नाडी वर असताना तोल सांभाळावा लागतो. ते वेगळं कौशल्य आहे आणि ते ठरवूनच घोटावं लागतं.

दुसरं, लांब उतार. तासन् तास डोंगर उतरलात की मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. तंतू बारीक बारीक फाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणंही नको होतं. मग तीन दिवस ना धड सायकल, ना धड धावणं. दोन आठवड्यांत असे दोन ट्रेक केले की निम्मा मुक्काम दुखणं काढण्यात जातो.

प्रशिक्षकांनी ट्रेनर का लिहिला असेल याचाही विचार करा. त्यांना तिथले रस्ते माहीत नाहीत आणि विद्यार्थिनी सुखरूप परत यायला हवी आहे.

रानवाटसरू

मोजपट्टी, मुद्दा मान्य आहे, पण 'हिंडणं म्हणजे रमतगमत' हे नाही पटलं. मी हिंडते ते घाम काढून. प्रशिक्षकांचा हेतू चांगलाच आहे यात शंका नाही.

कूलावाली

उत्तर द्यायला उशीर झाला. मी हालेआकालाच्या उतारावर कूलाला राहते, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

रानवाटसरू ताई, आधी बेट समजून घ्या. माउई म्हणजे दोन ज्वालामुखी आणि त्यांना जोडणारी सपाट पट्टी. पूर्वेला हालेआकाला, 3,055 मीटर. पश्चिमेला जुना, झिजलेला डोंगर, त्याचं टोक पुउ कुकुई, 1,764 मीटर. ईशान्येकडून व्यापारी वारे येतात, डोंगराला आपटून सगळं पाणी वाऱ्याच्या बाजूला टाकतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. म्हणून पुउ कुकुईवर वर्षाला सरासरी 9,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून फार लांब नसलेल्या तुमच्या किहेईत निवडुंग दिसतो. एकाच दिवशी घसरडा चिखल, भुसभुशीत राख, लाव्हाचे दगड आणि वाळू, सगळ्यावर पाय ठेवता येईल अशी जागा दुसरी मला तरी ठाऊक नाही.

आता वाऱ्याचं. दोन डोंगरांमधल्या पट्टीत वारा कोंडतो आणि जोर धरतो. सकाळी समुद्र शांत असतो आणि दहा-अकरानंतर किहेईच्या किनाऱ्यावर पांढरे फेस दिसायला लागतात. म्हणून पोहणं उजाडल्यावर लगेच. दुपारी जंगलात जा, झाडीत वारा लागत नाही. इथे दिवस घड्याळावर आखू नका, वाऱ्यावर आखा. प्रशिक्षकांचा तक्ता मोडायचीही गरज नाही, फक्त त्यातल्या ओळी वर-खाली करा.

सायकलसाठी माकावाओच्या जंगलातल्या कहाकापाओच्या वाटा. निलगिरी, पाइन, अधूनमधून पेरूची झुडपं. माती लाल आणि चिकट. कोरडी असेल तर टायर छान पकडतो. सर येऊन गेली की तीच माती टायरला गोळा होऊन फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दुभंगी दांड्यात) अडकते आणि चाक फिरेनासं होतं. मुळांवरून जाताना पुढचा ब्रेक सोडून द्यायचा, चाक सरळ ठेवायचं आणि नजर मुळावर न ठेवता मुळाच्या पलीकडे ठेवायची. काही वाटा फक्त सायकलींच्या आहेत, काही चालणारे आणि घोडेवाले यांच्यासोबत वाटून घ्यायच्या. पाट्या वाचा.

डोंगरपोर

कूलावाली, जियो! वाचनखूण साठवली.

तांबडी_माती

माउईला शर्यत केलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून.

एक्सटेराची जागतिक स्पर्धा 1996 ते 2021 माउईवरच होत होती (2020 साली झाली नाही). 2022 साली ती इटलीत मोल्वेनोला गेली. आधी बरीच वर्षं दक्षिणेला माकेना-वाइलेया भागात होती, 2011 पासून वायव्येला कापालुआला. मी 2016 साली कापालुआला वयोगटात उतरलो होतो. त्या वर्षी पुरुषांत मेक्सिकोचा मॉरिसिओ मेंडेज आणि महिलांत बर्म्युडाची फ्लोरा डफी जिंकली. फ्लोराने हे जागतिक विजेतेपद सहा वेळा मिळवलंय, शेवटचं 2021 साली, म्हणजे टोकियो ऑलिम्पिकचं सुवर्ण ज्या वर्षी घेतलं त्याच वर्षी, आणि तेही माउईवरच.

पोहण्याचा मार्ग इंग्रजी एम अक्षरासारखा होता. एक फेरा झाला की किनाऱ्यावर यायचं, वाळूतून पळायचं आणि पुन्हा पाण्यात शिरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण कापालुआच्या फ्लेमिंग बीचवर लाट अगदी काठाशी येऊन फुटते. बाहेर येताना मागून येणारी लाट बघितली नाही तर ती उचलून आपटते. आत जाताना फुटणाऱ्या लाटेवर चढायचं नसतं, तिच्या खालून जायचं. लाट अंगावर यायच्या एक क्षण आधी बुडी, हात पुढे, बोटं वाळूत रोवायची, वरून पाणी घोंघावत गेलं की वर. तलावात कितीही मीटर काढा, ही गोष्ट तिथे येत नाही. त्यामुळे धागाकर्तीचं म्हणणं निदान पोहण्यापुरतं मला पूर्ण पटतं.

मात्र हे शिकायचं ते जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाटा लहान असताना. किहेईचे कामाओले किनारे त्यासाठी चांगले. उत्तर किनाऱ्यावर ऑक्टोबरापासून मोठ्या लाटा सुरू होतात, तिकडे फक्त बघायला जा.

सागरगोटी

तांबडी_माती, आणि ते काट्यांचं? माकेनाच्या काळातल्या शर्यतींत पंक्चरचे किस्से फार ऐकलेत.

तांबडी_माती

हो, किआवे! आपल्या वेड्या बाभळीचाच भाऊबंद. कोरड्या बाजूला सगळीकडे आहे. काटा बोटाच्या पेराएवढा, वाळला की खिळ्यासारखा कडक होतो आणि टायरच्या कडेतूनही आत जातो. ट्यूबलेस टायर आणि आत ताजं सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारं द्रव), याला पर्याय नाही. गरम हवेत सीलंट लवकर वाळतं. निघण्यापूर्वी झडप काढून बघा, नाहीतर चाक कानाशी धरून हलवा. आत पातळ काही डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे.

भाड्याने सायकल घेणार असाल तर हे दुकानातच तपासा. माझ्या एका मित्राला मिळालेल्या सायकलीत सीलंटची पापडी झाली होती आणि पहिल्या तासातच तो सायकल खांद्यावर घेऊन परतला.

उनाड_वारा

म्हणजे त्याची ऑफ-रोड ट्रायथलॉन पोहणं, धावणं आणि ओझं वाहणं अशी झाली.

गिरकी

मी खेळाडू वगैरे नाही, पण माउई बघून आलेय. हानाचा रस्ता चुकवू नका!! सहाशेच्या वर वळणं, एकोणसाठ पूल आणि त्यातले बहुतेक एकपदरी. वाइआनापानापाला काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथे बाहेरच्यांना आधी आरक्षण करावं लागतं, विसरू नका. हानाच्या पुढे पिपिवाई ट्रेल: बांबूचं दाट बन, वारा आला की खोडं एकमेकांवर वाजतात, आणि शेवटी वाइमोकूचा धबधबा, साधारण 120 मीटर उंच. मी तिथे कितीतरी वेळ नुसती उभी होते.

आणि वाटेत जागोजागी झरे आणि डोह. पोहायचा सराव तिथेच करा की!

स्नायूमित्र

गिरकी, तुमचं वर्णन सुंदर आहे, पण डोहातल्या सरावाला मी ठामपणे नाही म्हणेन. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंसोबत काम करते.

हवाईतल्या गोड्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. डुकरं, उंदीर यांच्या मूत्रातले जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरच्या लहानशा ओरखड्यातून शरीरात शिरतात. माउंटन बाइक करणाऱ्याच्या नडगीवर ओरखडा नाही असं होत नाही. वर डोंगरात पाऊस पडला की खाली निळं आकाश असतानाही ओढ्याला लोंढा येतो. परतल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना 'झऱ्याच्या पाण्यात गेले होते' हे आवर्जून सांगायचं.

मोठ्या पावसानंतर समुद्राचं पाणी गढूळ तपकिरी दिसलं तर त्या दिवशी तिथेही पोहू नका. तिथलं आरोग्य खातं तशा सूचना देतं.

आता उष्णतेबद्दल, कारण रानवाटसरू यांना या मुक्कामातून खरा फायदा तिथे होणार आहे. उष्ण हवेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला नाडी कमी लागते. घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. यासाठी दररोज तास-दीड तास अंग गरम राहील असा व्यायाम पुरे. पण ही सवय टिकत नाही. उष्णता सुटली की दोन-तीन आठवड्यांत बरीचशी निघून जाते. शर्यत महिन्याने आहे, म्हणजे घरी आल्यावरही आठवड्यातून काही दिवस उन्हात किंवा जास्त कपडे घालून सराव चालू ठेवावा लागेल.

आणि नुसतं साधं पाणी ढोसू नका. तासन् तास घाम गाळून फक्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ते निर्जलीकरणाइतकंच, किंबहुना जास्त घातक ठरू शकतं. तहान लागेल तसं प्या आणि सोबत मीठ घ्या.

मोजपट्टी

स्नायूमित्र यांनी नेमकं लिहिलंय. म्हणजे 'बेट हिंडणं हीच तयारी' यातला मोजता येणारा फायदा उष्णतेचा. तो मिळवायला रोज तास-दीड तास पुरे, दिवसभर भटकायची गरज नाही.

डोंगरपोर

मोजता न येणारे फायदे पण असतात हो.

रानवाटसरू

स्नायूमित्र, मनापासून धन्यवाद. सवय इतक्या लवकर ओसरते हे माहीत नव्हतं.

पुढचा प्रश्न: हालेआकाला. समुद्रकाठच्या पाईआपासून शिखरापर्यंत सायकलने चढावं असं फार दिवसांपासून मनात आहे. साधारण 58 किलोमीटरमध्ये शून्य ते 3,055 मीटर. उंचीचा सरावाला काही उपयोग होतो का?

स्नायूमित्र

उंचीचा फायदा म्हणून करत असाल तर नाही. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के असतो, दम नक्कीच लागेल. पण शरीर बदलायला त्या उंचीवर आठवडे काढावे लागतात. काही तास जाऊन आल्याने रक्त बदलत नाही.

एक फार महत्त्वाचं: तिथे स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर त्यानंतर किमान 24 तास शिखराकडे जायचं नाही, गाडीनेही नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. विमानाचा नियम सगळ्यांना माहीत असतो, पण इथे किनाऱ्यावरून दोन तासांत तीन हजार मीटर गाठता येतात हे लक्षात येत नाही.

कूलावाली

हालेआकालाबद्दल थोडं व्यवहाराचं. राष्ट्रीय उद्यानाची फी गाडीला 30 डॉलर, सायकलवर आलात तर माणशी 15, आणि पावती तीन दिवस चालते. पहाटे तीन ते सात या वेळात गाडीने सूर्योदयाला जायचं तर आधी आरक्षण लागतं. उद्यानात सायकल फक्त डांबरी रस्त्यावर, पायवाटांवर अजिबात नाही. वर वारा असेल तर हात बधिर होतात आणि उतारावर ब्रेक दाबता येत नाहीत, म्हणून जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे पाठीला हवेतच. किनाऱ्यापेक्षा तिथे सतराअठरा अंशांनी तरी थंड असतं. आणि रस्त्यात नेने दिसली तर थांबा. ती इथली बदकाएवढी हंसाची जात, रानात फक्त हवाईत आहे, आणि गाड्यांखाली मरते.

पण तुमच्या शर्यतीसाठी मला विचाराल तर डांबरावरून शिखर गाठण्यापेक्षा पोलिपोली चांगलं. कूलाच्या वर, 1,900 मीटरच्या आसपास, लावलेल्या रेडवूडचं जंगल आहे. दुपारी धुकं उतरतं आणि दहा पावलांवरचं झाड दिसेनासं होतं. वाट मऊ, वर पानांचा थर, खाली मुळं. ट्रेल रनसाठी याहून चांगली शाळा नाही. भडक रंगाचे कपडे घाला, तिथे रानडुकरांची शिकार चालते. शिखराजवळून पोलिपोलीकडे उतरणाऱ्या स्कायलाइन ट्रेलवर सायकल चालते. ती वाट राखेची आणि भुग्याची आहे, ब्रेक कचकन दाबला की मागचं चाक बाजूला सरकतं. वजन मागे, कोपर सैल, ब्रेक हलकेच धरून सोडत यायचं.

पाऊलखूण

एक वेगळा प्रश्न विचारते. 8 ऑगस्ट 2023 च्या आगीत लाहैना जळालं, शंभराहून जास्त माणसं गेली, हजारोंची घरं गेली. अशा ठिकाणी आपण सराव करायला, हिंडायला जावं का? कापालुआकडे जायचा रस्ता लाहैनावरूनच जातो. कुणाला दुखवायचा हेतू नाही, खरंच विचारतेय.

कूलावाली

प्रश्न योग्य आहे. आग कूलालाही लागली होती त्याच दिवशी, आमच्या ओळखीच्यांची घरं गेली.

इथल्या लोकांची मतं एकसारखी नाहीत. पुष्कळांचं पोट पर्यटनावर आहे, लोक येईनासे झाले तर त्यांचं काम जातं. पुष्कळांना घरं मिळत नाहीत आणि सुट्टीवाल्यांना मिळतात, याचा राग आहे. दोन्ही खरं आहे. रानवाटसरू बहिणीकडे राहणार, म्हणजे भाड्याचं घर अडवणार नाहीत, हे चांगलंच. लाहैनातून जाताना थांबून फोटो काढू नका. 'आगीत तुमचं काय गेलं' असं कुणाला विचारू नका, कुणी आपणहून बोललं तर ऐका. आणि 'कापू' (प्रवेशबंदी) अशी पाटी असेल तिथे पाऊल टाकायचं नाही, मग कुठल्याही ॲपवर वाट दाखवलेली असो. बऱ्याच वाटा खाजगी जमिनीतून किंवा पुरलेल्या पूर्वजांच्या जागेवरून जातात.

पाऊलखूण

धन्यवाद कूलावाली. हे कुणीतरी तिथलं सांगायला हवं होतं.

सागरगोटी

समुद्रातली शिस्तही सांगते, मी बरीच वर्षं खुल्या पाण्यात पोहतेय. माउई काउंटीत ऑक्टोबर 2022 पासून खनिज नसलेली सनस्क्रीन विकायला आणि वापरायलाही बंदी आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाली घ्या, किंवा सरळ लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. कासवापासून निदान तीन मीटर, मंक सील या इथल्या सागरी प्राण्यापासून पंधरा मीटर लांब राहायचं. पहाटेच्या अंधारात, संधिप्रकाशात आणि ओढ्याच्या मुखाशी पोहू नका, शार्क तेव्हा आणि तिथे जास्त वावरतात.

सरावाचं म्हणाल तर खुल्या पाण्यात मान वर काढून दिशा बघणं हेच अर्धं पोहणं. लाटेच्या माथ्यावर असतानाच बघायचं, खळग्यात असताना समोर फक्त पाणी दिसतं. आणि खूण पाण्यातली नाही, किनाऱ्यामागची उंच धरायची. किहेईहून ती अडचण नाही, समोर पश्चिम माउईचा डोंगर आणि मागे हालेआकाला.

गिरकी

अवांतर: ती खांदा मोडलेली असताना जिंकलेली ट्रायथलीट कोण? मागे कुठेतरी वाचलं होतं, ऑफ-रोडच होती बहुतेक.

तांबडी_माती

लेस्ली पॅटरसन, स्कॉटलंडची. 2011, 2012 आणि 2018 ची एक्सटेरा जगज्जेती. एका जुन्या युद्धकादंबरीवर चित्रपट करायचे हक्क हातातून जाऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं शर्यतींच्या बक्षिसाचे पैसे घालत होती. कोस्टारिकातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकलवरून पडून खांदा मोडला. तरी एका हाताने पोहली आणि जिंकली. पुढे त्या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं.

गिरकी

बाप रे. हीच ती. दंडवत!

स्नायूमित्र

फार मोठी जिद्द, पण वाचकांनी कृपया मोडक्या खांद्याने पोहू नये.

मोजपट्टी

धागा हाना, ऑस्कर करत फिरून आला, आता मूळ प्रश्नाकडे.

कूलावाली आणि तांबडी_माती यांचं वाचून माझं मत थोडं बदललंय. लाटेखालून जाणं, चिकट मातीत ब्रेक सोडणं, राखेवर तोल सांभाळणं या गोष्टी खरोखर तिथेच शिकता येतील. तेव्हा तक्त्यातले जोरकस दिवस तसेच ठेवा, फक्त जागा बदला. चढावरची जोराची आवर्तनं ट्रेनरऐवजी कहाकापाओच्या चढावर. लांब सायकल स्कायलाइनवर. सोप्या दिवशी हिंडा, पण खरंच सोपं हिंडा. सलग दोन दिवस मोठा उतार पायी नको, हे मात्र मी सोडणार नाही. ज्वालामुखीच्या विवरात उतरायचा मोह होईल, तो स्लाइडिंग सँड्सचा उतार आणि परतीचा चढ मिळून अख्खा दिवस खातो.

डोंगरपोर

मोजपट्टींचं मत बदललं! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

बरं, मीही एक कबूल करतो, ब्रेक सोडणं वगैरे नुसतं हिंडून येत नाही. एकच वळण पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

रानवाटसरू

काल हा सगळा धागा प्रशिक्षकांना वाचून दाखवला. पोहणं सकाळी कामाओलेला, त्यात आठवड्यातून एकदा लाटांत आत-बाहेर आणि वाळूतून पळणं. दिवसाआड माकावाओ. पहिल्या आठवड्याच्या शेवटी स्कायलाइन. विवर या खेपेला नाही. हालेआकालाला बहिणीसोबत गाडीने, सूर्योदयाला. ट्रेनर रद्द! त्यांनी एक अट घातली: पाऊस असेल त्या दिवशी जंगलात एकटीने जायचं नाही.

दक्षिणेच्या ला पेरूज उपसागराच्या पुढची लाव्हातली जुनी वाट मला फार खुणावतेय. तिथे धावू का?

कूलावाली

होआपिली ट्रेल. जरूर जा, पण धावू नका, चाला. एकोणिसाव्या शतकात बांधलेली दगडी वाट आहे, फक्त पायी. लाव्हा सुटी आणि धारदार, पाय मुरगळला तर सावली नाही, पाणी नाही, फोनला रेंज नाही. उजाडताच निघा, दोघींसाठी भरपूर पाणी घ्या, जाड तळव्याचे जोडे घाला. एका बाजूला काळा दगड, दुसऱ्या बाजूला निळं पाणी, आणि मधेच वाटेवर रानटी बकऱ्या. सोप्या दिवसासाठी उत्तम आहे.

रानवाटसरू

ठरलं. शेवटचं एक: सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने?

तांबडी_माती

शर्यत ज्या सायकलवर आहे तीच न्या, हाताला तिचेच ब्रेक बसायला हवेत. ब्रेक पॅडचे दोन जोड जास्त ठेवा, ओली लाल माती पॅड खाऊन टाकते. समुद्राजवळ ठेवाल तर रोज गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्या, खारी हवा एका रात्रीत गंज धरते.

कूलावाली

आणि निघायच्या आधी टायर, जोडे, पॅडलचे खिळे घासून अगदी कोरडे करून आणा. तुमच्याकडच्या मातीतली एखादी बी किंवा बुरशी इथल्या जंगलात शिरली तर काढता येत नाही, हवाईतली मूळची ओहियाची झाडं अशाच बुरशीने मरतायत. माकावाओतून निघतानाही तेच. पोहोचलात की निरोप टाका, पहिल्या दिवशी कहाकापाओला मीही येते.

उनाड_वारा

मग ती रिकामी खोली?